बारा हजार फुटांवर, एक गोळी कमी

कोलोरॅडोतल्या डेन्व्हरला 'माइल हाय सिटी' म्हणतात. समुद्रसपाटीपासून एक मैल, म्हणजे ५,२८० फुटांवर वसलेले शहर. आपल्या मराठी हिशेबात सांगायचे तर विमानातून उतरून बॅगांच्या पट्ट्यापाशी उभे राहता तेव्हाच तुम्ही जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावर असता! (कळसूबाई ५,४०० फूट.) तिथून वायव्येला दीड-दोन तास गाडी हाकली की एस्टेस पार्क हे टुमदार गाव लागते. ते ७,५२२ फुटांवर. आणि एस्टेस पार्कच्या पुढे रॉकी माउंटन नॅशनल पार्कमधून जो ट्रेल रिज रोड जातो, त्याचा सर्वात उंच बिंदू १२,१८३ फुटांवर. दोन कळसूबाया एकीवर एक ठेवल्या तरी वर हजारावर फूट उरतात.

एस्टेस पार्क ते पलीकडचे ग्रँड लेक हे अंतर ४८ मैलांचे. त्यातले ११ मैल झाडांच्या रेषेच्या वरून जातात. झाडांची रेषा म्हणजे साधारण साडेअकरा हजार फूट. त्याच्या वर झाड म्हणून उगवत नाही. अमेरिकेत इतक्या उंचीवरून सलग जाणारा दुसरा डांबरी रस्ता नाही. १९२९ साली काम सुरू झाले आणि १९३२ साली गाड्या वरच्या खिंडीपर्यंत जाऊ लागल्या. त्याआधी १९२० चा जुना फॉल रिव्हर रोड होता, त्याचा चढ काही ठिकाणी शंभराला सोळा. नवा रस्ता करणार्‍यांनी चढ सातच्या वर जाऊ दिला नाही. त्यामुळे गाडी दमत नाही. माणसे दमतात, ती वेगळ्या कारणाने. रस्त्याला बर्‍याच ठिकाणी कठडा नाही, आणि कठडा नाही तिथे पलीकडे काहीच नाही. आंबेनळी घाटात ज्यांनी एस.टी.च्या खिडकीतून खाली पाहिले असेल त्यांना थोडी कल्पना येईल. मात्र आंबेनळीत निदान झाडी असते. इथे नुसते आकाश.

या मुलखाला नावारूपाला आणणार्‍यांत आजारी माणसे बरीच. इझाबेला बर्ड ही इंग्लिश बाई लहानपणापासून पाठीच्या दुखण्याने बेजार, झोप नाही, मन उदास. डॉक्टरांनी प्रवास करायला सांगितले. ती १८७३ साली घोड्यावर बसून एस्टेस पार्कला आली आणि चक्क लाँग्ज पीक चढली, १४,२५९ फूट! वर जाताना आपण किती भ्यालो आणि आपल्याला अक्षरशः ओढत कसे न्यावे लागले हे तिने पुस्तकात काही न लपवता लिहून ठेवले आहे. पुढे १९०३ साली फ्रीलन स्टॅनली क्षयाने खंगलेला इथे आला, हवेने सुधारला, आणि १९०९ साली त्याने इथे ते प्रसिद्ध पांढरे स्टॅनली हॉटेल उभे केले. त्याच हॉटेलात १९७४ साली एक रात्र काढून स्टीफन किंगला 'द शायनिंग' ही भयकादंबरी सुचली. तेव्हा आजार आणि भीती या दोन्ही गोष्टी एस्टेस पार्कला नव्या नाहीत.

२०२३ च्या जुलैत आम्ही उभयता न्यू जर्सीहून तिथे गेलो, ते या दोन्हींसकट.

हे थोडे उलगडून सांगायला हवे. आमच्या दोघांपैकी एका जिवाला गेली सहा वर्षे पॅनिक डिसऑर्डरसाठी रोज रात्री जेवणानंतर एक गोळी लागत होती. (अजूनही लागते.) कोणत्या जिवाला, ते इथे लिहायचे नाही असे आम्ही ठरवले आहे. वाचकांपैकी निम्मे म्हणतील, बाईच असणार, आणि उरलेले म्हणतील, नवर्‍याची नोकरी गेली होती ना मध्यंतरी! म्हणूनच लिहायचे नाही. लेखापुरता तो 'गोळीवाला जीव' आणि दुसरा 'बिनगोळीवाला'. तसाही आपल्याकडे घाबरतो तो जीवच.

मराठीत भीतीला शब्द किती म्हणून सांगावेत! छातीत धस्स होते, पोटात गोळा येतो, धाबे दणाणते, पाचावर धारण बसते, काळजाचे पाणी पाणी होते. पण समोर वाघ नाही, चोर नाही, परीक्षा नाही, आपण सोफ्यावर बसून बातम्या बघतो आहोत, आणि अचानक हृदय घोड्यासारखे दौडू लागते, हाताला मुंग्या येतात, 'आता आपण मरणार' अशी खात्रीच पटते, याला नाव नाही. कोकणात आजी म्हणाली असती, तिन्हीसांजेला कुठे गेला होतात? आणि मीठमोहर्‍या ओवाळून टाकल्या असत्या. ग्रीक लोकही त्याच वळणाचे. रानावनात, डोंगरात एकट्या माणसाला जी अकारण भीती घेरते ती पॅन नावाचा बकर्‍याच्या पायांचा देव घालतो असे ते मानत. पॅनिक शब्द त्याच्याच नावावरून आला. डॉक्टरांपैकी फिलाडेल्फियाच्या जेकब डा कोस्टा यांनी १८७१ साली अमेरिकन यादवी युद्धातल्या अशा सैनिकांवर लिहिले, ज्यांची छाती धडधडे, श्वास कोंडे, आणि तपासावे तर हृदयात दोष सापडत नसे. पॅनिक डिसऑर्डर हे स्वतंत्र नाव मात्र अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या पोथीत १९८० साली आले. म्हणजे आमच्यापैकी बहुतेकजण भारतात शाळा-कॉलेजात होतो तेव्हा.

आमच्याकडे हा पाहुणा पहिल्यांदा आला तो रात्री अकराला. आम्ही थेट इमर्जन्सी रूम गाठली, आणि ते योग्यच होते. आपल्या लोकांत हृदयविकार लवकर आणि जास्त. छातीत दुखले तर 'मनाचे खेळ' म्हणून घरी बसायचे नसते. ई.सी.जी. झाला, रक्त तपासले, सगळे ठीक. पहाटे एका तरुण डॉक्टरणीने खुर्ची ओढून घेतली आणि शांतपणे समजावून सांगितले. (त्या रात्रीचे बिल आले तेव्हा मात्र दोन्ही जिवांची छाती धडधडली.) पुढे गोळी सुरू झाली, थेरपी झाली, आणि खरे सांगायचे तर आयुष्य पुन्हा रुळावर आले. मुलांना सांगितले तर ती म्हणाली, 'ओके, गुड.' त्यांच्या पिढीला थेरपिस्ट म्हणजे दाताच्या डॉक्टरासारखा. आपल्या मित्रमंडळींना मात्र नाही सांगितले. गणपतीच्या कार्यक्रमातून मध्येच उठावे लागले की आमचे ठरलेले उत्तर असे: 'जरा पित्त झालंय.' सहा वर्षांत त्या पित्ताने आमची फार सेवा केली. चार-पाच वहिन्यांनी आवळ्याचे, कोकमाचे, धन्याजिर्‍याचे उपाय दिले, तेही आम्ही निमूटपणे घेतले.

आता प्रवासाकडे. शुक्रवारी संध्याकाळचे विमान. दारापाशी कर्मचार्‍यांनी जाहीर केले की वरचे कप्पे भरले आहेत, शेवटच्या रांगांतल्यांनी हातातल्या बॅगा खाली द्याव्यात. वाद घालायला वेळ दिलाच नाही. चिठ्ठी बांधली आणि बॅग गेली. डेन्व्हरला सगळ्यांच्या बॅगा आल्या, ती आली नाही. त्यात स्वेटर, चकल्यांचा डबा आणि ती बाटली. काउंटरवरच्या बाईंनी ग्रँड लेकचा पत्ता लिहून घेतला आणि 'उद्या दुपारपर्यंत' असे गोड आश्वासन दिले.

त्या रात्रीची गोळी चुकली.

एक गोळी चुकली तर काय बिघडते, असे वाटेल. रक्तदाबाची चुकते, थायरॉइडची चुकते. पण ही गोळी पॅरॉक्सेटिन. तिचे शरीरातले प्रमाण साधारण एका दिवसात निम्म्यावर येते. याच घराण्यातली फ्लुओक्सेटिन, जिला आपण प्रोझॅक म्हणून ओळखतो, ती अनेक दिवस अंगात रेंगाळते, म्हणून ती चुकली तर पुष्कळांना कळतही नाही. पॅरॉक्सेटिन मात्र हजेरी घेणार्‍या मास्तरांसारखी. काहींना दीड-दोन दिवसांतच चक्कर, मळमळ, चिडचिड, आणि डोके वळवले की आत वीज चमकून गेल्यासारखा झटका, असे सुरू होते. हा मूळ आजार परत आल्याचा पुरावा नव्हे. शरीराला सवयीची गोष्ट न मिळाल्याची तक्रार आहे. पण ज्याला अनुभव येतो त्याला त्या क्षणी हा फरक कोण सांगणार?

शनिवारी सकाळी एस्टेस पार्कच्या मोटेलात उठलो तेव्हा वीज चमकायला लागली होती. आठ वाजता डॉक्टरांच्या ऑफिसला फोन केला. शनिवार असल्याने उत्तर देणार्‍या सेवेने निरोप घेतला. दहाला ड्यूटीवरच्या डॉक्टरांचा फोन आला. त्यांनी चार गोष्टी सांगितल्या. आज रात्री नेहमीची एकच गोळी घ्या, कालची भरपाई म्हणून दोन नकोत. पाणी भरपूर प्या, कारण उंचीनेही डोके दुखते. ज्याला चक्कर येते आहे त्याने गाडी चालवू नये. आणि छातीत दुखून थांबले नाही तर अंदाज न करता इस्पितळ गाठा. मग विचारले, गोळ्या कुठल्या फार्मसीत पाठवू? पुढचे चार दिवस आमचा मुक्काम पलीकडे, म्हणून पलीकडच्या गावातली फार्मसी सांगितली. ती पाचला बंद होणार होती.

म्हणजे गोळी डोंगराच्या त्या बाजूला आणि आम्ही या बाजूला! डोंगराला वळसा घालून खालून जावे म्हटले तर खालून रस्ताच नाही. डेन्व्हरकडे परत उतरून गेलो तरी बर्थूड पास आडवा येतो, ११,३०७ फूट. चढणे काही टळत नव्हते. मग ज्या रस्त्यासाठी आलो होतो तोच धरला.

(जाता जाता: अमेरिकेत अनेक राज्यांत फार्मासिस्टला नेहमीच्या औषधाच्या थोड्या गोळ्या तातडीची गरज म्हणून देता येतात, आणि मोठ्या साखळी दुकानांत तुमचे प्रिस्क्रिप्शन दुसर्‍या शाखेतही दिसते. विमा कंपनी 'इतक्यात परत नाही' म्हणाली तर प्रवासातली अडचण म्हणून अपवाद मागता येतो. झॅनॅक्ससारख्या औषधांना मात्र नियम कडक. हे फोन विमानतळावरून गावात येता येताच करून टाकावेत. डोंगरात फोन लागत नाही.)

आमच्या मागे दुसर्‍या गाडीत डॅलसकर होते. डॅलसकर म्हणजे आमचे जुने स्नेही, त्यांची सौ. म्हणजे आमच्या वहिनी. फिनिक्सकर जोडपे परस्पर ग्रँड लेकला भेटणार होते. असा आमच्या तीन घरांचा जुना बेत.

सुरुवातीचा रस्ता पाईन आणि अ‍ॅस्पनच्या रानातून. 'मेनी पार्क्स कर्व्ह'पाशी पहिल्यांदा दरी उघडते. 'रेनबो कर्व्ह'ला पोहोचता १०,८२९ फूट होतात, आणि तिथली झाडे बघण्यासारखी: वार्‍याच्या बाजूला एक फांदी नाही, सगळा पिसारा एकाच दिशेला. जणू झाडे पाठ फिरवून उभी आहेत. त्याच्या पुढे ती गुडघ्याएवढी होतात, मग जमिनीवर सरपटतात आणि संपतात.

झाडे संपली तिथे गोळीवाल्या जिवाचेही बळ संपले. आधी जांभया. मग तोंडाला कोरड. मग तो ओळखीचा धक्का, छातीच्या आत कुणी दार वाजवावे तसा. डावीकडे डोंगर, उजवीकडे पांढरी रेघ, रेघेच्या पलीकडे हवा. थांबायला जागा नाही, मागे गाड्यांची रांग. बोटे वाकडी व्हायला लागली. 'परत चला' असे शब्द आले, पण तिथे गाडी वळवायची कुठे?

पुढची थांबायची जागा फॉरेस्ट कॅनियन ओव्हरलूक, ११,७१६ फूट. तिथवरची काही मिनिटे आम्ही दोघेही विसरणार नाही. बिनगोळीवाल्या जिवाने सहा वर्षांत एक गोष्ट शिकून घेतली आहे: 'घाबरू नकोस, काही होत नाही' हे वाक्य अशा वेळी निरुपयोगी. बुडणार्‍याला 'भिजू नकोस' म्हणण्यासारखे! म्हणायचे ते इतकेच: 'हे ते आहे. घड्याळ माझ्याकडे आहे.' कारण झटका कितीही भयंकर असला तरी त्याला अंत असतो. साधारण दहा मिनिटांत तो कळसाला पोहोचतो आणि मग उतरतो. आत असलेल्याला हे कळत नाही, म्हणून घड्याळ बाहेरच्याने सांभाळायचे.

गाडी लावली. दगडी बांधावर बसलो. तळपाय जमिनीवर टेकवले, बूट काढून. श्वास आत चार अंकांचा, बाहेर सहा अंकांचा. पूर्वी कागदी पिशवीत श्वास घ्यायला सांगत. आता डॉक्टर तसे सांगत नाहीत, आणि या उंचीवर तर तो मूर्खपणाच ठरेल. तिथे हवा समुद्रकाठच्या मानाने जेमतेम दोन-तृतीयांश, तीही पिशवीत कोंडून घ्यायची? मुळात त्या जागी निरोगी माणसाचेही हृदय जोरात चालते आणि चार पावलांवर धाप लागते. पॅनिकवाल्याचे दुर्दैव असे की त्याला स्वतःच्या छातीचा प्रत्येक ठोका ऐकायची सवय जडलेली असते. उंची ठोका वाढवते, ठोक्याने भीती वाढते, भीतीने पुन्हा ठोका. त्यात 'आपली गोळी चुकली आहे' हा विचार. त्या झटक्यात चुकलेल्या गोळीचा वाटा किती, उंचीचा किती आणि त्या विचाराचा किती, याची वाटणी आम्ही पुष्कळदा केली आहे. आमच्या मते विचाराचा वाटा सर्वात मोठा होता. पुढे आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनीही ते पटण्यासारखे आहे असे म्हटले.

तेवढ्यात डॅलसकरांची गाडी शेजारी लागली. वहिनी उतरल्या.

"काय झालं हो? गाडी लागली का?"

'पित्त' हा शब्द ओठांवर तयार होता. पण सकाळपासून पोटात काही नाही, अंगाला घाम, बोटे वाकडी, पायांत बूट नाहीत. असले पित्त कुणाला पटणार! आम्ही सांगून टाकले. पॅनिकचा झटका आहे, सहा वर्षांपासूनचा आजार आहे, रोजची गोळी बॅगेबरोबर गेली आहे. चार वाक्यांत झाले. सहा वर्षे जे जड वाटत होते ते चार वाक्यांत मावले, याचे आम्हालाच नवल वाटले.

वहिनींनी 'अगं बाई' म्हटले नाही. 'बोलला नाहीत कधी' असेही म्हटले नाही. बांधावर बसल्या आणि म्हणाल्या, "मी काय करू ते सांगा."

"पाढे म्हणा."

हा आमचा घरगुती उपाय. थेरपिस्ट सांगतात, पाच दिसणार्‍या वस्तू मोजा, चार स्पर्श, तीन आवाज. तेही करतो. पण मराठी शाळेत शिकलेल्या डोक्याला एकोणतीसच्या पाढ्याइतके दुसरे काही खिळवून ठेवत नाही. बेचा पाढा तोंडातून आपोआप वाहतो, त्याचा उपयोग शून्य. एकोणतीसला मात्र प्रत्येक पायरीवर थांबून विचार करावा लागतो, आणि विचार करणारे डोके एका वेळी दोन कामे नीट करू शकत नाही. शिवाय लहानपणी मास्तरांची जी भीती त्या पाढ्याला चिकटली आहे ती या भीतीहून जुनी आणि ओळखीची!

वहिनी आणि गोळीवाला जीव एका सुरात लागले. एकोणतीस, अठ्ठावन्न, सत्त्याऐंशी, एकशे सोळा, एकशे पंचेचाळीस, एकशे चौर्‍याहत्तर... तिथे दोघेही अडकले. वहिनी म्हणाल्या, "दोनशे चार?" गाडीच्या खिडकीतून डॅलसकरांचा आवाज आला, "दोनशे तीन!" त्यांना काय चालले आहे ते माहीत नव्हते, चुकीचा पाढा ऐकून राहवले नाही इतकेच. गोळीवाला जीव हसला. घड्याळात चौदा मिनिटे झाली होती.

आम्ही लगेच निघालो नाही. झटका आला त्या जागेवरून पळून गेलो की ती जागा मनात कायमची शत्रू होऊन बसते, म्हणून तो ओसरेपर्यंत शक्य तर तिथेच थांबावे असे शिकवतात. (डोके ठणकत असेल, उलट्या होत असतील, बरळणे सुरू झाले असेल तर मात्र तो उंचीचा विकार, तेव्हा ताबडतोब खाली उतरायचे.) मग थांबलो, आणि पहिल्यांदाच आजूबाजूला पाहिले. समोर फॉरेस्ट कॅनियनची खोल हिरवी दरी, पलीकडे जुलैतही बर्फाचे पट्टे. पायाशी टंड्रा. लांबून नुसते खुरटे गवत वाटते, वाकून पाहिले तर बोटाच्या पेराएवढी निळी, गुलाबी फुले. मॉस कॅम्पियन नावाची उशीसारखी गुलाबी वनस्पती असते, तिला पहिले फूल यायला दहा-दहा वर्षे लागू शकतात. इथे वाढीचे दिवस वर्षाकाठी जेमतेम दीड-दोन महिने. पाय पडला तर ती झीज भरून यायला माणसाचे आयुष्य पुरत नाही, म्हणून वाटेवरूनच चाला अशा पाट्या आहेत. दगडांतून चीं चीं आवाज करत पायका पळत होते. उंदराएवढे दिसतात पण कुळ सशाचे. थंडीत झोपत नाहीत, म्हणून उन्हाळाभर गवत कापून, वाळवून बिळात साठवतात. आपल्याकडच्या बेगमीसारखे.

निसर्ग हेच खरे औषध, असे प्रवासवर्णनांत फार वाचायला मिळते. आमचा अनुभव विचाराल तर निसर्गाने त्या दिवशी आम्हाला घाबरवायचे काम चोख केले. औषध फार्मसीत होते.

रस्त्याजवळूनच युट ट्रेल जाते. युट आणि अरापाहो लोक कित्येक शतके याच धारेवरून डोंगर ओलांडत. अरापाहो या वाटेला 'मुले चालत गेली ती वाट' अशा अर्थाचे नाव देत. चढ इतका अवघड की मुलांना पाठीवर घेता येत नसे, ती खाली उतरून स्वतःच्या पायांनी चालत. गोळीवाल्या जिवाला हे नाव फार आवडले. त्या वाटेवर आम्ही चौघे शंभर पावले चाललो, हळूहळू, दर वीस पावलांना थांबत. डॅलसकरांनाही धाप लागली होती, हे पाहून कोण बरे वाटले!

माथा ओलांडला की रस्ता मिल्नर पासला उतरतो, १०,७५९ फूट. इथे खंडाचा पाणलोट. अलीकडचे पाणी पूड्र नदीतून प्लॅट, मिसूरी, मिसिसिपी करत अटलांटिककडे. पलीकडचे कोलोरॅडो नदीतून पॅसिफिकच्या बाजूला. महाबळेश्वरी एकाच डोंगरातून कृष्णा बंगालच्या उपसागराकडे आणि सावित्री अरबी समुद्राकडे जाते, तसेच हे. फलकापाशी फोटो काढला. त्यात आमच्यापैकी एकाचा चेहरा पांढराफटक आहे, पण तो कोणाचा ते सांगणार नाही!

पश्चिमेच्या उतारावर काळी, जळकी खोडे सुरू झाली. ऑक्टोबर २०२० मध्ये ईस्ट ट्रबलसम नावाचा वणवा इथून गेला. एका दिवसात लाखाहून अधिक एकर जाळत त्याने खंडाचा हा पाणलोटही ओलांडला, जिथे जाळायला झाडे नाहीत, नुसते खडक आणि टंड्रा. वार्‍याने निखारे उडवून पलीकडे नेले. एस्टेस पार्क गाव रिकामे करावे लागले होते. तीन वर्षांनी आम्ही पाहिले तेव्हा काळ्या खोडांच्या मध्ये जांभळ्या फायरवीडचे ताटवे होते.

फार्मसीत पोहोचलो तेव्हा पावणेपाच. फार्मासिस्ट तरुण मुलगा होता; पिशवी देताना म्हणाला, "तुम्ही वरून आलात? आज?" आणि पाण्याची बाटली काढून दिली. पण आम्ही गोळी तिथे घेतली नाही. रात्री जेवणानंतरच, नेहमीच्या वेळेला, एकच.

ग्रँड लेक हे कोलोरॅडोतले सर्वात मोठे नैसर्गिक सरोवर, ८,३६९ फुटांवर. घराच्या ओसरीवरून पाणी दिसत होते. फिनिक्सकरांनी खिचडी आणि भरली वांगी करून ठेवली होती. जेवताना डॅलसकरांनी दोनशे तीनचा किस्सा सांगितला, आणि पाढे कशासाठी म्हणत होतो ते आम्हीच मग सांगितले. फिनिक्सकर थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मी पुलावर गाडी चालवत नाही, ते लक्षात आलंय का तुमच्या? वीस वर्षं हिलाच चालवायला लावतो." आमच्या खरोखरच लक्षात आले नव्हते.

भांडी घासताना वहिनी शेजारी आल्या. नळ चालू ठेवून, हळू आवाजात बोलल्या. "तुमची गोळी कुठली?" आम्ही सांगितली. त्या म्हणाल्या, "माझीही तीच. दुप्पट ताकदीची. २०१९ पासून. ह्यांना माहीत आहे, मुलांना नाही." मग म्हणाल्या, "वर बसले होते तेव्हा पर्समध्ये होती हो. द्यावी का, द्यावी का, असं सारखं होत होतं. पण दुसर्‍याची गोळी देऊ नये म्हणतात. आणि द्यायची म्हणजे सांगावं लागलं असतं."

दुसर्‍याच्या प्रिस्क्रिप्शनची गोळी घेऊ नये हे खरेच आहे. आम्हीही घेतली नसती. तसे आम्ही त्यांना सांगितलेही. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. ताट पुसत राहिल्या, मग म्हणाल्या, "दोनशे चार कसं म्हटलं मी, कुणास ठाऊक."

दुसर्‍या दिवशी सकाळी न्याहारीच्या टेबलावर पोह्यांच्या बशांशेजारी सहाजणांचे औषधांचे डबे आले, ते सोम-मंगळ-बुधचे सात कप्प्यांचे. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड. डॅलसच्या वहिनींचा डबा पर्समधून निघायला थोडा वेळ लागला, पण निघाला.

बॅग सोमवारी दुपारी आली. गोळ्यांची बाटली शाबूत होती, चकल्यांचा मात्र पार चुरा झाला होता. तो आम्ही दह्यात कालवून संपवला.